माळ्यावरचं काडतुसांचं यंत्र

परवा सकाळी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. फाटकाशी मोटारसायकल थांबली. माझा एक जुना विद्यार्थी. दहावीला इतिहासात काठावर पास झालेला, पण आज आमच्या नेसरीच्या पंचक्रोशीत चांगला शेतकरी म्हणून ज्याचं नाव घ्यावं असा. वय पन्नाशीच्या पुढं गेलंय, तरी पायताण काढून पायरीशीच उभा राहिला, जणू वर्गात उशिरा आलाय!

“सर, एक इचारू काय? तुमच्या माळ्यावर आबांचं काडतुसं भरायचं यंत्र हाय म्हणत्यात. द्यायचं असलं तर मी घेतो. दोन हजार देतो.”

मी कप खाली ठेवला. ते यंत्र आमच्याकडे आहे हे माझ्या मुलांनासुद्धा धड माहीत नाही. याला कुणी सांगितलं? तर याचा आजा आणि आमचे आबा (माझे थोरले चुलते) एकत्र रानात जायचे, त्या गोष्टी याच्या घरात अजून निघतात.

मी त्याला ‘नाही’ म्हणालो. तो नाराज होऊन गेला. मग दोन दिवस माझ्याच डोक्यात ते यंत्र फिरत राहिलं. म्हणून हा लेख. थोडा कडक लिहिणार आहे, रागावू नका.

ज्यांनी असलं काही पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी सांगतो. बारा बोअरच्या बंदुकीचं काडतूस म्हणजे पितळी बुडाचं एक नळकांडं, पूर्वी कागदी पुठ्ठ्याचं, आता प्लास्टिकचं. (बारा बोअर म्हणजे त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते कधी विसरत नसत!) बुडाच्या मध्यभागी छोटी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते, दारू पेटते, दारूपुढचा डाट आणि डाटापुढचे छर्रे नळीतून बाहेर जातात. बार झाला की नळकांडं रिकामं उरतं. ते टाकून न देता जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, पुन्हा दारू, डाट, छर्रे भरायचे आणि तोंड आत वळवून बंद करायचं. यालाच काडतूस भरणं म्हणायचे. आबांच्या डब्यात यासाठी टोपी काढायचा खिळा, लाकडी दट्ट्या, दारूचं पितळी माप आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं, हँडल फिरवायचं एक यंत्र होतं. दिसायला थेट शेवयाच्या यंत्रासारखं. आमच्या सौ. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात ते घासूनपुसून स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं!

आता माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं काय ते प्रामाणिकपणे मांडतो. तो काही गुंड नव्हे. वडिलांच्या पश्चात रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतलेली, पीकसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी बंदूक आहे त्याच्याकडे. काडतुसं महाग झालीत. त्यासाठी कोल्हापूरची खेप मारावी लागते, आणि तिथं गेल्यावर मिळतीलच याची खात्री नाही. इकडे भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, भुईमूग तर मुळासकट उकरतात. आजरा-चंदगडकडे गव्यांचे कळप आहेत. 2002 मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात हत्ती उतरले, तेव्हापासून पुढं आमच्या या घाटमाथ्यालाही हत्ती पाहुणा राहिलेला नाही. रात्रभर माळ्यावर जागून डबे बडवणाऱ्या माणसाला मी ओसरीवर बसून अक्कल शिकवावी, हे मलाही बरं वाटत नाही.

पण म्हणून त्याचं बरोबर ठरत नाही.

पहिला मुद्दा स्वस्ताईचा. जुनं यंत्र दोन हजारांत आलं, हिशेब संपला, असं त्याला वाटतं. अरे बाबा, यंत्रानं काडतूस होत नाही! टोपी लागते, दारू लागते. त्या तू कुठून आणणार? उजळ माथ्याने मिळत नसतील तर अंधारात आणणार. म्हणजे आज यंत्र घेतलंस की उद्या त्या यंत्राच्या पोटात घालायला काहीतरी शोधत फिरणार, आणि ते देणारा माणूस तुझ्यासारखा शेतकरी नसणार. माझ्या मते इथंच खरा धोका आहे. घराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडतं ते यंत्रामुळे नव्हे, यंत्रानंतर.

दुसरा मुद्दा मापाचा. हा नीट वाचा, कारण जुन्या वाड्यांतून असे डबे अजून निघतात. आबांच्या डब्यातलं पितळी माप काळ्या दारूचं आहे. काळी दारू म्हणजे गंधक, सोरा आणि कोळसा, शिवकाळापासूनची ओळखीची वस्तू. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनतज्ज्ञाने बिनधुराची दारू काढली आणि सगळं गणित बदललं. तेवढ्याच कामाला ही नवी दारू वजनाने साधारण तिसरा हिस्सा लागते, काही जातींची त्याहूनही कमी. आता विचार करा. कुणी आजची दारू मिळवली आणि आबांचं माप काठोकाठ भरून काडतुसात ओतली, तर काय होईल? नळी फाटेल. आणि नळी फाटते तेव्हा ती डुकराच्या अंगावर नव्हे, तर धरणाऱ्याच्या डाव्या हातात आणि तोंडावर फाटते. जुन्या विलायती बंदुकांच्या पोलाद-लोखंड पिळून केलेल्या नळ्या तर काळ्या दारूसाठीच घडवलेल्या होत्या. जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं संयुग असे, त्याने पितळ आतून ठिसूळ होतं. बाहेरून लखलखीत दिसणारं जुनं काडतूस आतून कुजलेल्या वाशासारखं असू शकतं. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण ज्याने केली, त्याने काडतुसं भरली नसावीत.

यावर मला एक उत्तर हमखास मिळतं: “अमेरिकेत तर घरोघरी भरतात!” खरं आहे. माझा भाचा तिकडे आहे, त्याचे शेजारी गॅरेजमध्ये बसून भरतात. स्वतःपुरती भरायला तिकडे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, आणि जुनी यंत्रं हातोहात विकली जातात. मी भाच्याला मुद्दाम फोन करून विचारलं. तो म्हणाला, “मामा, ओतीव लोखंडाचं यंत्र जुनं घ्यायला हरकत नाही, गंज आणि झीज बघून घेतात. वजनकाटा जुना असला तर प्रमाणित वजनं टाकून तपासतात. पण दुसऱ्याची उघडलेली दारू कुणी शहाणा माणूस घेत नाही, आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस तर फुकट दिलं तरी उडवत नाही.” शिवाय तिथं दारूच्या प्रत्येक जातीचं माप छापून मिळतं, कोणत्या नळीला किती ते कोष्टकात असतं. म्हणजे तिथल्या भरणाऱ्याकडे यंत्राच्या आधी पुस्तक आणि काटा असतो. आपल्याकडे काय असतं? डब्याच्या तळाला चिकटलेलं पितळी माप आणि ‘आज्जा असंच भरायचा’ हे वाक्य. अमेरिकेचं यंत्र उचलायचं आणि अमेरिकेचा काटा तिथंच ठेवायचा, ही आपली जुनी खोड आहे.

दुसरं उत्तर आमच्या जिल्ह्याच्या अभिमानाचं. कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचा जिल्हा! तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतने 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सोनं घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. मग पोरांना स्वस्तात सराव नको का? हवा की! पण या तिघांनी ज्या प्रकारांत नाव कमावलं, त्यांत पॉइंट टू टू चं काडतूस लागतं. त्याला मध्यभागी वेगळी टोपी नसतेच, पेट घेणारं द्रव्य बुडाच्या काठात भरलेलं असतं. एकदा उडालं की काठ चेपला, संपलं. ते घरी पुन्हा भरायची सोय नाही. तेव्हा स्वप्नीलचं नाव घेऊन आबांचं यंत्र मागू नये. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता कायदा. मी वकील नाही, बी.ए. झालेला मराठीचा मास्तर. पण कायद्याचं कलम वाचता येतं, आणि शब्दांचे अर्थ लावण्यात तर आयुष्य गेलं. लॉर्ड लिटनने 1878 मध्ये शस्त्रांचा कायदा आणला तो आपल्याला निःशस्त्र ठेवण्यासाठी, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्यामुळे शस्त्रकायदा म्हटलं की आपल्या मनात अजून इंग्रजच उभा राहतो. पण आज चालतो तो स्वतंत्र भारताचा 1959 चा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या आहे, आणि तीत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही धरलेली आहे. पुन्हा वाचा. यंत्रसामग्रीही! म्हणजे ज्याला आपण माळ्यावरचं भंगार म्हणतो, सौ. ज्याला शेवयाचं यंत्र समजल्या, ते कायद्याच्या डोळ्यांत दारूगोळा असू शकतं. बंदुकीच्या परवान्यावर बंदुकीचा नंबर असतो, काडतुसं किती बाळगायची ते असतं. त्यात हे यंत्र लिहिलंय का? नसेल, तर बंदुकीचा परवाना हा यंत्राचा परवाना होत नाही. स्वतःसाठी बाळगलेली अशी वस्तू दुसऱ्या हक्कदाराला द्यायची तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. आणि विनापरवाना बनवणं-विकणं यासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. दोन हजारांच्या व्यवहाराला सात वर्षं! ओसरीवर चहा पिता पिता आम्ही दोघं कुठं निघालो होतो बघा.

बाजारातले काही लोक अशा वस्तूंना ‘अँटिक’ म्हणून विकतात. त्यांच्याबद्दल मला जास्त राग आहे. शेतकऱ्याला निदान गरज तरी आहे. याला नाही. वाड्यात म्हातारा गेला की आठ दिवसांत हे हजर. पितळेची भांडी, दिवे आणि त्यातच हा डबा. घेताना ‘भंगार आहे हो काकू’ आणि विकताना ‘चालू हालतीत आहे साहेब’. एकाच वस्तूला दोन तोंडं! घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही, आणि मध्ये कुणाचा तरी हात जातो.

हात जातो हे मी अलंकारिक लिहीत नाही. आता मूळ गोष्ट सांगतो.

1961 साल. मी अकरा वर्षांचा. दिवाळी होऊन गेली होती, भात कापणीला आलेलं. आबा कंदिलाच्या उजेडात काडतुसं भरायला बसले. माझं काम ठरलेलं. रिकामी नळकांडी गोणपाटावरून उचलून एकेक त्यांच्या हातात द्यायची. त्यांत एक न उडालेलं काडतूस होतं. आबांनी दुपारीच ते उकलून त्यातली दारू-छर्रे काढून ठेवले होते, पण टोपी जिवंत होती, म्हणून ते बाजूला फळीवर ठेवलेलं. मी खेळता खेळता ते गोणपाटावर टाकलं, आणि मग उचलून आबांच्या हातात दिलं. त्यांनी खिळा लावला आणि हातोडी मारली.

आवाज फार मोठा नव्हता. पत्र्यावर दगड पडावा एवढाच. पितळेची कपची आबांच्या उजव्या डोळ्यात गेली. बैलगाडीने गडहिंग्लज, तिथून दुसऱ्या दिवशी मिरज. डोळा गेला.

आबांनी मला कधी बोल लावला नाही. मीच एकदा, मॅट्रिक झाल्यावर, रडत कबूल केलं. ते म्हणाले, “बघायचं काम भरणाराचं असतंय पोरा, देणाराचं न्हवं.” पण मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. देणाऱ्याचंही असतंच. परवा दोन हजार रुपये समोर धरून माझा विद्यार्थी उभा होता तेव्हा मी पुन्हा तोच अकरा वर्षांचा पोरगा होतो, आणि गोणपाटावरचं काहीतरी उचलून कुणाच्या तरी हातात द्यायची पाळी आली होती. यावेळी दिलं नाही, इतकंच.

पुढे 1979 मध्ये आबा गेले. बंदूक आम्ही रीतसर परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली. डबा मात्र राहिला. आठवण म्हणून ठेवला म्हणा, विसरलो म्हणा. एवढी वर्षं तो माझ्या डोक्यावर होता, आणि मी खाली बसून पोरांना नागरिकशास्त्र शिकवत होतो! तेव्हा हा लेख कुणा दुसऱ्याला झोडपण्यासाठी आहे असं समजू नका. पहिला फटका माझ्याच पाठीत.

आता राहिला शेतकरी. त्याला ‘यंत्र घेऊ नको’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण गव्याला वन्यजीव कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. राधानगरीचं दाजीपूर अभयारण्य 1958 मध्ये झालं तेच मुळी गव्यासाठी. हत्तीचंही तेच. तिथं काडतूस स्वस्त असो की महाग, उपयोग शून्य. डुकराला वनखात्याची लेखी परवानगी लागते. म्हणजे अडचण काडतुसाची नाहीच, कागदाची आहे. 2024 सालचंच बघा. मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता, ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची. आमच्याकडे बहुतेकांच्या बंदुका निवडणूक आली की ठाण्यात जमा होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात उभं, डुकरं शेतात, बंदूक ठाण्यात! कुणाची बंदूक काढून घ्यायची आणि कुणाची नाही, हे माणूस बघून ठरवायला समिती असते. ती गंभीरपणे बसली तर पीकसंरक्षणाच्या परवानेदाराला असं नागवं व्हावं लागणार नाही.

दारूगोळा बनवणारा खडकीचा कारखाना आपल्या पुण्यातच आहे. परवानेदार शेतकऱ्याला वर्षाकाठची मोजकी काडतुसं तालुक्याच्या गावी, ठरलेल्या दिवशी, नोंद करून मिळायला काय हरकत आहे? ती मिळत नाहीत म्हणून माणूस माळ्यांकडे बघायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे काही जण डुकरासाठी गावठी बॉम्ब पेरतात, आणि त्यात कुणाचं कुत्रं, कुणाची म्हैस जाते. सरळ वाट बंद ठेवायची आणि आडवाटेला गेलेल्याला पकडायचं, याला कारभार म्हणत नाहीत.

आणि हो, कुणी म्हणेल, सर, आपण प्रतापराव गुजरांच्या खिंडीतली माणसं, एवढं घाबरून कसं चालेल? 24 फेब्रुवारी 1674. त्या सात जणांपुढे मी दर वर्षी डोकं टेकवतो. पण त्याच खिंडीत स्वराज्याने आपला सरसेनापती गमावला, हेही मी दर वर्षी पोरांना सांगत आलो. धैर्याला माप नसलं की किंमत घरच्यांना मोजावी लागते.

असो. काल त्या विद्यार्थ्याला फोन करून बोलावलं आणि त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून, डबा मांडीवर घेऊन ठाण्यात गेलो. अंमलदार तरुण होता. डबा उघडून म्हणाला, “काका, हे शेवयाचं यंत्र इथं कशाला आणलंय?” तासभर समजावल्यावर ‘लोखंडी व पितळी जुने साहित्य’ अशी नोंद झाली. मी म्हटलं, साहित्य नको, काय आहे ते लिहा. शेवटी लिहिलं. पोच घेतली. माझी विनंती एवढीच की वर्षातून एक दिवस तहसील कचेरीत अशा वस्तू, आणणाऱ्याला आरोपीसारखं न वागवता, जमा करून घ्याव्यात. बघा किती माळे मोकळे होतील.

परत येताना वाटेत त्याने गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या त्याच्या शेतातला भुईमूग रात्रीत उकरलेला होता. बराच वेळ तो बांधावर नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “सर, यंत्र दिलं, बरं केलं. पर ह्येचं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज मात्र आम्ही दोघांनी मिळून लिहिला. शुद्धलेखनाच्या चुका मी काढल्या. तो पोचला की पुढचं कळवीन.

तोवर तुम्ही एक करा. तुमच्या माळ्यावर चढून बघा.